हेही जाईल, हे कोणी कोणाला म्हणावे?

शास्त्रपाठ: उपदेशक ३:१-१५; ईयोब २:११-१३; एज्रा ३:१०-१३; नहेम्या ८:९-१२; योहान ११:१७-४४

शब्बाथशाळेत उपदेशकाचा तिसरा अध्याय शिकवण्याची पाळी आली की पुष्कळ शिक्षक बंधुभगिनी शलमोनाच्या अंगठीची गोष्ट सांगतात. राजाने सोनाराला आज्ञा केली, की मला अशी अंगठी घडवून दे, जी पाहताच सुखात असलेला मनुष्य सावध होईल आणि दुःखात असलेल्याला धीर येईल. सोनाराने अंगठीवर तीन शब्द कोरले: हेही निघून जाईल. आमच्या हैदराबादेत तर हे सांगायला शिक्षकही लागत नाही. भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कचेरीच्या पायरीवर, दखनी उर्दूत 'ये भी गुजर जाता' असे कोणी ना कोणी कोणाला सांगत असतेच.

गोष्ट चांगली आहे. परंतु ती पवित्र शास्त्रात नाही, हे शिक्षकांनी पक्के ध्यानात ठेवावे. ना राजांच्या पुस्तकांत, ना नीतिसूत्रांत, ना उपदेशकात. ती पूर्वेकडील लोककथा आहे. फारसी आणि यहुदी कथाकारांनी ती निरनिराळ्या राजांच्या नावावर सांगितली. अमेरिकेचे अब्राहाम लिंकन यांनी १८५९ साली मिल्वॉकी येथे शेतकऱ्यांपुढे भाषण करताना ती सांगितली, तेव्हा त्यांनीही शलमोनाचे नाव घेतले नाही. पूर्वेकडचा एक राजा, एवढेच म्हटले. आणि त्याच भाषणात, ही गोष्ट सर्वस्वी खरी नसावी अशी आशाही व्यक्त केली. त्यांचे हे शेवटचे म्हणणे सहसा कोणी सांगत नाही.

ही गोष्ट अर्धी आहे असे मला वाटते ते एवढ्यासाठी, की अंगठी फक्त 'जाईल' इतकेच सांगते. जाईपर्यंत काय करायचे ते सांगत नाही. आणि ते शब्द कोणी कोणाला म्हणायचे हे तर मुळीच सांगत नाही. राजाने अंगठी स्वतःच्या बोटात घातली होती. ती काढून शेजारच्या विधवेच्या डोळ्यांपुढे धरायची तर तो वेगळाच प्रकार झाला, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये बहुधा तोच घडतो.

आता उपदेशक काय म्हणतो ते पाहू. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याने चौदा जोड्या मांडल्या आहेत, म्हणजे एकंदर अठ्ठावीस समय. जन्म आणि मरण यांपासून सुरुवात करून युद्ध आणि शांती यांवर तो थांबतो. मध्ये पेरणी आहे, बांधकाम आहे, आसवे आहेत, नाच आहे, शिवणकामही आहे. या यादीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कोणता समय चांगला आणि कोणता वाईट, असे तो म्हणत नाही. दुःखाचा समय लवकर उरकून टाका, असेही म्हणत नाही. प्रत्येकाला त्याचा समय आहे, म्हणजेच प्रत्येकाला त्याचा अवधी द्यावयाचा आहे. अकराव्या वचनात तो म्हणतो की देवाने प्रत्येक गोष्ट तिच्या वेळी शोभेल अशी केली आहे, पण त्याचे काम आरंभापासून शेवटपर्यंत मनुष्याला उमगत नाही. म्हणजे घड्याळ आपल्या हाती नाही. स्वतःचेही नाही, मग शेजाऱ्याचे कोठून असणार?

याच पुस्तकात वारंवार येणारा एक शब्द आपल्या मराठी शास्त्रात 'व्यर्थ' असा आला आहे. मूळ इब्री शब्द हेबेल. त्याचा साधा अर्थ वाफ, श्वास, थंडीच्या सकाळी तोंडावाटे निघणारा धूर. आदामाच्या धाकट्या मुलाचे नावही इब्रीत हेच आहे; आपण त्याला हाबेल म्हणतो. वाफ खोटी नसते. ती असते, दिसते, काचेवर ओल धरते, आणि मग राहत नाही. सुखदुःखांना वाफ म्हणणे आणि त्यांना खोटी म्हणणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. सगळे मिथ्या आहे, मन त्यात गुंतवूच नका, असा एक उपदेश आपल्या देशात फार जुना आहे आणि त्यामागे मोठ्या माणसांची तपश्चर्याही आहे. पण उपदेशकाचा रोख तो नाही. तो म्हणतो, खा, पी, आपल्या श्रमाचे सुख घे, हे देवाचे देणे आहे. यहुदी लोकांत मांडवांच्या सणात हे पुस्तक वाचण्याची चाल आहे. हा सण पीक घरात आल्यावरचा, आनंद करण्याची आज्ञाच असलेला (लेवीय २३:४०), आणि तो साजरा करायचा कशात, तर फांद्यांच्या मांडवात, जो आठवड्याने मोडायचा असतो. मोडणाऱ्या मांडवात बसून मनापासून आनंद करायचा! आपल्या पाठाचा अर्धा भाग या एका चालीत आला आहे. उरलेला अर्धा भाग मात्र अवघड आहे, आणि त्यासाठी आपल्याच शहराच्या इतिहासाकडे वळू.

सोमवार, २८ सप्टेंबर १९०८. आदले दोन दिवस धो धो पाऊस पडत होता. शमशाबादेस चोवीस तासांत बारा इंचांहून अधिक पाऊस झाल्याची नोंद आहे. मुशी नदीच्या वरच्या अंगाला शेकडो लहानमोठे तलाव होते. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, खालचा फुटला की त्याखालच्यावर, असे एकापाठोपाठ एक दोनशेहून अधिक तलाव फुटले. पहाटेपासून नदी शहरात शिरली. कोळसावाडी, अफझलगंज, बेगमबाजाराचा नदीकाठ, सगळे पाण्याखाली गेले. १५७८ चा पुराणा पूल काय तो टिकला. बाकीचे पूल वाहून गेले किंवा मोडले. मृतांचा आकडा साधारणपणे पंधरा हजार सांगतात, पण अशा वेळी मोजणार कोण? अफझलगंजचा दवाखाना पुरात गेला. त्याच्या आवारात एक चिंचेचे झाड होते. त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. पुढे त्या जागी उस्मानिया दवाखाना उभा राहिला आणि ते झाड त्याच्या आवारात राखले गेले. अलीकडच्या काळात पुराच्या स्मृतिदिनी लोक त्या झाडाखाली जमले आहेत.

या पुरात सय्यद अमजद हुसेन नावाचा एक तरुण सापडला होता. उर्दू वाचणारे त्यांना अमजद हैदराबादी या नावाने ओळखतात. रुबाई या चार ओळींच्या काव्यप्रकारात दक्षिणेत त्यांचे नाव मोठे आहे. त्या एका दिवशी त्यांची आई, पत्नी आणि लहान मुलगी, तिघीही पाण्यात गेल्या. घरातले ते एकटे वाचले. त्यांनी पुरावर कविता लिहिली आणि तिला 'लहान कयामत' अशा अर्थाचे नाव दिले. त्यानंतर ते पन्नासाहून अधिक वर्षे जगले. १९६१ साली वारले. पुन्हा संसार केला, पुस्तके लिहिली, शिष्य घडवले, आणि लोक त्यांना एक शहाणा, शांत, देवभीरू मनुष्य म्हणून ओळखत.

आता विचार करा. २९ सप्टेंबर १९०८ च्या सकाळी कोणी त्या तरुणाजवळ जाऊन 'बाबा, हेही जाईल' असे म्हटले असते, तर ते खोटे ठरले असते काय? नाही. पूर ओसरला. शहर पुन्हा वसले. १९०९ साली निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी सुचवलेल्या योजनेतून मुशीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) असे दोन मोठे तलाव झाले. ज्या नदीने शहर बुडवले तिचेच पाणी पुढे कित्येक दशके शहराने नळाने प्याले. गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते पाणी याच उस्मानसागराचे. तेव्हा दुःख गेले, आणि जाताना काही देऊनही गेले, असे म्हणायला जागा आहे.

पण त्या सकाळी, त्या माणसाजवळ, ते म्हणायचे नव्हते. तलाव बारा वर्षांनी झाला. आणि कोणाची मुलगी शहराला नळ मिळावेत म्हणून बुडत नाही. दूरवरून, वर्षांनंतर, स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहताना मनुष्याला जे सत्य दिसते, तेच सत्य दुसऱ्याने पहिल्या दिवशी त्याच्या हातात कोंबले तर ते दगडासारखे लागते. शब्द तेच असतात. वेळ आणि तोंड बदलते. शिवाय पाणी एकदा गेले म्हणजे कायमचे गेले असेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये याच शहरात पुन्हा घरे बुडाली, माणसे गेली. जाणारे दुःख परतही येते, हे ज्याने सोसले आहे त्याला अंगठीचा दिलासा पुरत नाही.

ईयोबाच्या तीन मित्रांना आपण उपदेशांतून फार नावे ठेवतो. त्यांनी पहिले सात दिवस जे केले ते मात्र बरोबर होते. ते दुरून आले, मोठ्याने रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसले. त्याचे दुःख भारी आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. बिघडले ते आठव्या दिवशी, जेव्हा त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे तर आठ दिवसही कोणी थांबत नाही. कबरस्तानातून परत येतानाच कारणे सुरू होतात. देवाची इच्छा. सुटले बिचारे. तुम्ही खचलात तर मुलांनी कोणाकडे पाहावे? यांत एकही वाक्य वाईट हेतूने बोललेले नसते. आपल्याला दुसऱ्याचे रडणे सोसत नाही म्हणून आपण ते थांबवू पाहतो, हे त्यातले खरे.

बेथानीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. लाजार थोड्याच वेळात उठणार आहे हे प्रभूला ठाऊक होते. 'हे दुःख जाणारे आहे' असे पूर्ण अधिकाराने म्हणू शकेल असा त्या गावात तोच एक होता. आणखी घटकाभराने ते जाणारच होते. तरी मरियेला रडताना पाहून त्याचा आत्मा व्याकूळ झाला आणि त्याच्या डोळ्यांतून आसवे आली. दुःख क्षणभराचे आहे हे माहीत असूनही तो त्या क्षणात तिच्याजवळ उभा राहिला. मार्थेशी मात्र तो पुनरुत्थानाविषयी बोलला, कारण तिने स्वतः ते बोलणे काढले होते. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकच भाऊ गेलेला, आणि प्रभू दोघींशी दोन तऱ्हांनी वागला. सांत्वनाला जाणाऱ्या भगिनीमंडळाने हा अध्याय दरवर्षी एकदा तरी एकत्र वाचावा.

दुःखाला अवधी द्यावा म्हणजे त्याला कधी शेवट नसावा, असे मात्र शास्त्र म्हणत नाही. योसेफाने बापासाठी सात दिवस शोक केला (उत्पत्ती ५०:१०). इस्राएल लोकांनी मोशेसाठी तीस दिवस शोक केला आणि मग रडण्याचे दिवस संपले असे स्पष्ट लिहिले आहे (अनुवाद ३४:८). दाविदाचे मूल गेले तेव्हा तो उठला, न्हाला, देवाच्या मंदिरात गेला आणि जेवला. घरच्या माणसांना याचेच आश्चर्य वाटले. हे तिघेही वेगवेगळ्या वेळी उठले. मोशेच्या तीस दिवसांचे माप घेऊन कोणी दाविदाला निष्ठुर म्हणू नये आणि दाविदाचे माप घेऊन दुसऱ्याला कमकुवत म्हणू नये.

सुखाचे काय? त्याचेही आपण धड स्वागत करीत नाही. फार हसलो की रडावे लागते, असे आपल्या घरांतून मुलांना लहानपणापासून ऐकवले जाते. मुलगा पहिल्या वर्गात पास झाला तरी आई म्हणते, बोलू नका, दृष्ट लागेल. प्रार्थना करणारी घरेही याला अपवाद नाहीत. येणाऱ्या दुःखाचा हप्ता आगाऊ भरून ठेवावा, तसे आपण आजच्या आनंदातून थोडे कापून ठेवतो. पण उद्याचे दुःख त्यामुळे कमी झाल्याचे कोणी पाहिले आहे काय?

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० साली बंगालमध्ये एकुलता एक सोबती राहिलेला भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती वारले. एवढी प्रेते पाहिलेल्या बाईने, तिशीही न गाठलेल्या वयात, आपल्या मुलीचे नाव काय ठेवले? मनोरमा. मनाला आनंद देणारी. दृष्ट लागेल म्हणून धोंडी-दगडी असे नाव ठेवण्याची चाल असलेल्या देशात हे नाव ठेवायला धीर लागतो. तेव्हा रमाबाईंचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात झाला.

मनोरमाबाई मोठ्या झाल्या, शिकल्या आणि आईच्या कामात आल्या. या आमच्या जुन्या निजाम राज्याशीही त्यांचा संबंध आहे: १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्याला मुलींसाठी जी ख्रिस्ती शाळा निघाली, 'शांतिसदन', तिच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. केडगावचे मुक्तिसदन पुढे त्याच चालवतील असे सर्वांनी धरले होते. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, त्या वारल्या. रमाबाई त्यांच्यामागे नऊ महिनेही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही देह ठेवला. त्या मधल्या काळात मुक्तीचे काम आणि आयुष्याच्या उत्तरार्धात हाती घेतलेले मराठी शास्त्राच्या भाषांतराचे काम चालूच होते.

मनोरमा हे नाव शेवटी खोटे ठरले, असे कोणी म्हणेल काय? चाळीस वर्षांचा आनंद हा आनंदच होता. तो संपला म्हणून तो नव्हता असे होत नाही, आणि संपणार हे ठाऊक असते तरी रमाबाईंनी नाव बदलले असते असे मला वाटत नाही. दुष्काळात आईबाप गमावलेल्या या बाईनेच १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो अनाथ मुली उचलून आणल्या. दुःख गेले होते. पण जाताना भुकेचा चेहरा ओळखण्याची नजर ठेवून गेले होते. हे वाक्य त्यांच्या चरित्राविषयी आज लिहिता येते. १८७७ साली उपाशी फिरणाऱ्या त्या तरुणीला ते ऐकवणे निर्दयपणाचे ठरले असते.

आता मंडळीचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा अडचणीचा प्रश्न हाच. सुखदुःखे जाणारी आहेत हे मान्य केले तरी ती सर्वांच्या घरून एकाच वेळी जात नाहीत. एकाच बाकावर एकजण साखरपुड्याच्या आनंदात बसलेला असतो आणि दुसऱ्याच्या घरी अजून कपाट उघडून मृताचे कपडे काढलेले नसतात. मंदिराचा पाया घातला तेव्हा असेच झाले (एज्रा ३). ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडले. तरुणांनी आनंदाने गजर केला. आणि रडणे कोणते, गजर कोणता, हे लोकांना ओळखता येईना. लक्षात घ्या, कोणीही कोणाला गप्प बसवले नाही. 'आजच्या शुभ दिवशी रडता काय?' असे तरुण म्हणाले नाहीत आणि 'तुम्हाला काय ठाऊक आम्ही काय पाहिले!' असे वृद्धही म्हणाले नाहीत. दोन्ही आवाज मिळून दूरवर ऐकू गेला.

आपल्याकडे हा प्रसंग दर डिसेंबरात येतो. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला त्या घरचे सांगतात, यंदा आमच्याकडे नाताळ नाही. म्हणजे नवे कपडे नाहीत, करंज्या-चकल्या नाहीत, तारा टांगायचा नाही, आणि कॅरोल मंडळी त्या दारावरून न गाता पुढे जाते. काही पाळकसाहेब यावर रागावतात, की ख्रिस्तजन्म सुतकात कसा येईल? काही ठिकाणी उलट, त्या घरच्या मुलीने नवी साडी नेसली तर बायका कुजबुजतात. दोन्ही पक्ष दुसऱ्याच्या घड्याळाला चावी देऊ पाहतात.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात याची एक वाट दिसते. नियमशास्त्र वाचल्यावर लोक रडू लागले. त्यांना सांगण्यात आले, की आजचा दिवस पवित्र आहे, शोक करू नका. पण नुसते तेवढे सांगून सोडले नाही. मिष्टान्न खा, आणि ज्याच्या घरी काही शिजलेले नाही त्याला वाटा पाठवा, असे सांगितले. ते रडणे पापाच्या जाणिवेचे होते, मृत्यूचे नव्हते, म्हणून जसेच्या तसे येथे लावता येणार नाही. परंतु वाटा पाठवण्याची आज्ञा लावता येते. ज्या घरी फराळ होणार नाही तेथे चार घरांतून ताट जावे, आणि ते 'आता पुरे झाले, हसा' असे सांगण्यासाठी नव्हे. आपण आहोत एवढेच कळवण्यासाठी.

पौलाने करिंथकरांना लिहिले, की रडणाऱ्यांनी न रडणाऱ्यांसारखे आणि आनंद करणाऱ्यांनी आनंद न करणाऱ्यांसारखे असावे, कारण या जगाचे बाह्यरूप लयास जात आहे. त्याच पौलाने रोमकरांना लिहिले, की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. कोणी म्हणेल, हे परस्परविरुद्ध आहे. मला ते तसे दिसत नाही. पहिले वचन माझ्या स्वतःच्या सुखदुःखाविषयी आहे: ते मी घट्ट मुठीत धरू नये. दुसरे माझ्या भावाच्या सुखदुःखाविषयी: ते मी हलके मानू नये. आपण बहुधा उलट करतो. आपले दुःख डोंगराएवढे, आणि दुसऱ्याच्या दुःखाला 'जाईल हो!'

आणि सुख व दुःख दोन्ही जातात म्हणून ती सारखीच आहेत, चाक फिरते तशी नुसती फिरत राहतात, असेही प्रभू शिकवत नाही. योहानाच्या सोळाव्या अध्यायात त्याने प्रसूतीच्या वेदनांचा दाखला दिला आहे. त्या वेदना संपतात, पण त्या संपून पूर्वीची स्थिती येत नाही. घरात एक नवे मूल येते. शिष्यांचा जो आनंद कोणी हिरावून घेणार नाही असे तो म्हणतो, तो अंगठीवरच्या शब्दांत बसत नाही.

वर्गात हा पाठ घेताना लहान मुलांना काय सांगू नये, ते आधी सांगतो. 'देवाला फूल आवडले म्हणून त्याने तोडून नेले' हे वाक्य भावंड गमावलेल्या मुलापुढे कधीही बोलू नये. मूल देवाला फुले तोडणारा समजते आणि रात्री घाबरते. 'रडायचे नाही, शहाणा ना तू?' हेही नको. त्याऐवजी चिंचेच्या झाडाची गोष्ट सांगावी आणि मुलांना ते झाड काढायला लावावे. एक प्रश्न विचारावा: फांदीवर रात्रंदिवस बसलेली माणसे एकमेकांशी काय बोलली असतील? मुलांची उत्तरे ऐकून घ्यावीत, दुरुस्त करू नयेत. हात धरून ठेव, पाणी उतरले का ते बघ, मला झोप येते आहे, अशी ती असतील.

मोठ्यांच्या वर्गात एज्रा आणि नहेम्या हे दोन उतारे दोघांकडून वाचून घ्यावेत आणि चर्चेला हे विषय द्यावेत. तुमच्या दुःखात कोणाचे कोणते वाक्य टोचले, आणि कोणाचे नुसते येऊन बसणे आठवते? कोणता आनंद तुम्ही दृष्टीच्या भीतीने मंडळीपासून लपवला? कोणाचा आनंद तुम्हाला तुमच्या दुःखात सोसला नाही? शेवटच्या प्रश्नाला लगेच कोणी उत्तर देणार नाही; थोडा वेळ थांबावे, मग पुढे जावे.

आणि नोव्हेंबरात पंचांची सभा भरेल तेव्हा कॅरोलच्या रस्त्यांची यादी करण्याबरोबरच, या वर्षी ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्या घरांचीही यादी करावी. त्या घरच्यांना आधी कोणीतरी जाऊन विचारावे: आम्ही येऊन गावे काय, की हळू आवाजात एकच गीत म्हणावे, की यंदा न गाता फक्त अंगणात येऊन बसावे?